गृहपाठातला बिबट्या

सांगतो, पण आधी कप खाली ठेवा. मागच्या वेळी हाच किस्सा ऐकताना आमच्या साडूंना ठसका लागला आणि माझाच पांढरा सदरा रंगला. फजिती माझी, सदराही माझा! आणि हसू नका असं तरी कोणत्या तोंडानं सांगू? उस्मानपुऱ्यात आता माझ्यावर हसायचं कुणी बाकी राहिलेलं नाही.

तर मी मराठीचा प्राध्यापक. साहित्य म्हणजे पुस्तक, हे माझं सरळसोट मत. छापलेलं, शिवलेलं, जमल्यास थोडी धूळ बसलेलं. रेडिओ, सिनेमा, मोबाइल ही सगळी करमणूक. करमणूक वाईट असं मी म्हणत नव्हतो. तिला आमच्या पंगतीला बसवू नका, एवढंच म्हणणं होतं.

आणि नेमका माझ्याच गळ्यात नवा पेपर पडला. 'साहित्य आणि माध्यमे'! मी विभागप्रमुखांकडे कुरकुर केली. ते म्हणाले, "सर, तुमच्याइतकं मोकळं दुसरं कुणी नाही." मोकळं म्हणजे मनानं नव्हे हो. वेळापत्रकात!

मग मी तो पेपर कसा शिकवला असेल? वर्गात जायचं, पुस्तक उघडायचं, वाचून दाखवायचं आणि मिटायचं. मधूनमधून नाक मुरडायचं. "फोनवर बोललेलं वाऱ्यावर जातं, मुलांनो. ते साहित्य कसं होईल?" असं वर विचारायचं. मुलं माना डोलवायची. त्यांना हजेरीशी मतलब.

एका प्रकरणाच्या शेवटी स्वाध्याय होता. 'आपल्या आवडीच्या माध्यमातून भयानक रसाचा आविष्कार करा.' मी तो वाचून दाखवला आणि "रविवारपर्यंत माझ्याकडे पोचवा" म्हणून सुटलो. माझ्या डोक्यात काय होतं सांगू? फुलस्केप कागद, डावीकडे समास, वर नाव आणि खाली 'भयानक रसाचा स्थायिभाव भय होय' इथून सुरुवात. गृहपाठ याहून वेगळ्या रूपात घरी येऊ शकतो, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. वर्षानुवर्षं हा रस शिकवत आलो, पण खरं सांगायचं तर त्याची नि माझी कधी गाठ पडली नव्हती.

त्या रविवारी पडली.

भर उन्हाळ्यातली दुपार. जेवण झालेलं. वीज गेलेली. आमच्या सौभाग्यवती, मंगल, आतल्या खोलीत झोपलेल्या. गच्चीवर त्यांच्या कुरडया वाळत होत्या. गल्लीत चिटपाखरू नाही. मी बनियनवर, आरामखुर्चीत, वर्तमानपत्रानं वारा घेत होतो. त्या दिवसांत शहराच्या कडेकडेनं बिबट्या दिसल्याच्या बातम्या सारख्या येत होत्या. तीच बातमी मी नुकतीच वाचून संपवली होती आणि तिच्याच पानानं वारा घेत होतो. माझं नशीब बघा!

तेवढ्यात फोन टिंग झाला. अनोळखी नंबर. ना नाव, ना नमस्कार, ना गुलाबाचं फूल. नुसता आवाजाचा मेसेज. मी लावला.

एका मुलीची कुजबुज. "आई… बोलू नको. नुसतं ऐक. मी उस्मानपुऱ्यातच आहे, खोलीवर. लाइट गेलीय. जिन्यात काहीतरी आहे."

मी ताठ बसलो. लाइट तर आमचीही गेली होती!

"मघापासून कुत्री भुंकत होती. आता एकही भुंकत नाहीये."

मी कान दिला. खरंच की हो, आमच्या गल्लीतलंही एक कुत्रं भुंकत नव्हतं. भर उन्हाळ्याच्या दुपारी कोणतं कुत्रं भुंकतं, हा विचार तेव्हा कुणाला सुचतो?

मग काहीतरी घासल्याचा आवाज. खर्रर्र… आणि शांतता. पुन्हा खर्रर्र… "ऐकलंस? एक पायरी चढलं ते. आई, कडी… कडी लागत नाहीये." मग श्वास. मोठा, ओला, जड. तो श्वास त्या मुलीचा नव्हता. तो जवळ आला, आणखी जवळ आला, अगदी माझ्या कानाशी आला. आणि मेसेज संपला.

तुम्हाला म्हणून सांगतो, माझ्या मांडीवरचा कागद थरथरत होता आणि पंखा तर बंद होता.

मी त्या नंबरवर फोन लावला. बंद! पुन्हा लावला. बंद! संपलं. गेली बिचारी पोरगी. मरता मरता आईला फोन करायला गेली आणि चुकून माझा नंबर लागला. आणि ते कोण होतं? यात विचारायचं काय? बिबट्या! दुसरं कोण जिना चढून येऊन असा श्वास टाकणार?

मी उठलो. पुढच्या दाराची वरची कडी लावली, खालची लावली. मग आठवलं, खालची कडी नुसती नावाला आहे. आमच्या घरात भरवशाची कडी एकच, न्हाणीघराची. मी स्वयंपाकघरातून पोळपाट उचलला. का, ते विचारू नका. हाताला तोच लागला. फोन घेतला आणि न्हाणीघरात जाऊन बसलो. उलट्या बादलीवर.

आता एक सुजाण नागरिक म्हणून मी काय करायला हवं होतं? ते सगळं केलं. तो मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, कॉलेजच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'सावधान! उस्मानपुऱ्यात बिबट्या शिरला आहे. एका मुलीवर हल्ला. कृपया घराबाहेर पडू नये.' खाली नाव, हुद्दा, पदवी. मग पोलिसांना फोन केला. तोही कुजबुजत. पलीकडचा हवालदार सारखा म्हणत होता, "मोठ्यानं बोला, मोठ्यानं बोला." मोठ्यानं कसं बोलणार? बिबट्याला कान असतात!

एवढ्यात दारावर थाप पडली. मी पोळपाट उगारला.

"अहो, इतका वेळ काय करताय आत?" मंगल होती.

"आत ये. लवकर आत ये!"

"न्हाणीघरात? दोघांनी? या वयात?"

"अगं, बिबट्या!"

"कुठं?"

"जिन्यात!"

"आपल्या?"

"कुणाच्या ते नाही सांगितलं तिनं."

"कुणी?"

"एका मुलीनं. ती आता नाही, मंगल."

"मला ऐकवा बरं, काय म्हणाली ती."

"नको. तुला सोसणार नाही."

ती म्हणाली, "माझ्या कुरडया गच्चीवर आहेत. मी घेऊन येते."

आता नवरा म्हणून माझं कर्तव्य काय? तिच्या पुढं होऊन जिना चढणं. मी काय केलं? आतून म्हणालो, "मंगल, जाऊ नकोस!" आणि कडी नीट लागलीय ना ते पुन्हा बघितलं.

ती गेली आणि कुरडयांचं सूप घेऊन आली. "जिन्यात कुणी नाहीये. कुरडया मात्र मस्त कडक झाल्यात." पण मी कसला विश्वास ठेवतोय? बिबट्या काय कुरडया खातो?

आणि मग माझा फोन जो वाजायला लागला! आधी आमचे सेक्रेटरी काझीसाहेब. "प्रोफेसर साब, आप एक बोले. मेरे साले के ग्रुप पे तीन बिबटे आए! सच्ची बात बोलो, कितने हैं?"

तीन! माझ्या हातातून पोळपाट निसटला. एकासाठीच पुरा पडेल की नाही याची शंका होती, आणि आता तीन!

मग नाशिकच्या आतेभावाचा मेसेज. 'अजिंठ्याच्या डोंगरातून मादी पिल्लांसह उस्मानपुऱ्यात. ज्येष्ठ प्राध्यापकाची खात्रीलायक माहिती.' तो वाचून मी नव्यानं घाबरलो. म्हटलं, ज्येष्ठ प्राध्यापक सांगतोय म्हणजे खरंच असणार! तो ज्येष्ठ प्राध्यापक न्हाणीघरात उलट्या बादलीवर बसलाय, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

थोड्या वेळानं गल्लीत पोलिसांची गाडी आली. भोंग्यावरून आवाज आला, "नागरिकांनी दारं-खिडक्या बंद ठेवाव्यात." मागून वनखात्याची माणसं जाळी घेऊन आली. त्यांनी सगळ्या इमारतींचे जिने पाहिले, गच्च्या पाहिल्या, पाण्याच्या टाक्यांत डोकावून पाहिलं. जाळीत काय सापडलं? काझीसाहेबांच्या पोरानं हरवलेला क्रिकेटचा चेंडू. दिवेलागणीला ते जाळी गुंडाळून निघून गेले आणि मी बाहेर आलो. मंगलनं पोळपाट धुवून घेतला आणि पोळ्या लाटायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकीतून फोन आला. "सर, तो नंबर सापडला. मुलगी जिवंत आहे."

"जिवंत आहे?" मी ओरडलोच. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या, खरंच आलं.

"ठणठणीत आहे. तुमचीच विद्यार्थिनी म्हणते. या जरा."

पाणी जागच्या जागी आटलं. एकट्यानं चौकीची पायरी चढायचं धाडस होईना, म्हणून मंगलला बरोबर घेतलं.

चौकीत बाकावर वैष्णवी बसली होती. माझ्या वर्गातली मागच्या बाकावरची मुलगी. वर्षभरात तिचा आवाज मी 'हजर' यापलीकडे ऐकला नव्हता. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. शेजारी तिचे वडील, टोपी मांडीवर घेऊन बसलेले. पैठणकडचे शेतकरी. मुलीला खोली घेऊन शिकायला ठेवलेलं. तिचा फोन बिघडला म्हणून तिनं वडिलांच्या फोनवरून मेसेज पाठवला होता. खाली नाव आणि वर्ग लिहिणार, तेवढ्यात गाडीची वेळ झाली म्हणून ते फोन खिशात टाकून एसटीत बसले, आणि वाटेत फोनची बॅटरी संपली.

तो आवाज म्हणजे गृहपाठ होता! माझ्याकडे 'पोचवलेला' गृहपाठ! मी दाराखालून फुलस्केप कागद सरकायची वाट बघत होतो, आणि तो फोनमधून येऊन माझ्या मानगुटीवर बसला होता.

"सर," फौजदार म्हणाले, "मोठी पळापळ झालीय. अफवा पसरवल्याचा गुन्हा होतो. ही म्हणते, हे कॉलेजचं काम आहे. खरं का?"

मी बोलणार तोच वैष्णवीचे वडील म्हणाले, "काय इचारता सायेब. गावात दारापुढं पोलिसांची गाडी हुबी ऱ्हायली. समद्यांनी बघितलं. आता हिला इथं ठिवून काय करू? आजच घिऊन जातो. बास झालं शिक्षान. सोयरीक बघून उजवून टाकतो."

वैष्णवी माझ्याकडे बघत होती. एकदाच तिनं वर बघितलं आणि परत मान खाली घातली. माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगायलाही लाज वाटते. 'मला काही माहीत नाही' एवढं म्हटलं की मी मोकळा. पण मंगलनं मला कोपरानं असं ढोसलं की शब्द आपोआप बाहेर पडले.

"गृहपाठच आहे, साहेब. मीच दिलेला."

"कशाचा?"

"साहित्याचा."

"हे साहित्य?" फौजदार हसले. "सर, मीपण मराठी घेऊनच बी.ए. झालो. आम्हाला तर शिकवलं, साहित्य पुस्तकात असतं."

"चुकीचं शिकवलं!" मी टेबलावर हात आपटला. "कुणी शिकवलं?"

"तुमच्यासारखेच एक सर होते."

मी हात टेबलावरून खाली घेतला. पण आता माघार कुठली? समोर पोलीस, बाजूला रडणारी पोरगी, आणि मी सुटलो. म्हणालो, "साहेब, आपल्या आयाबाया जात्यावर ओव्या म्हणायच्या, त्या काय कागदावर बघून? भारूड रंगतं तेव्हा कुणी पुस्तक उघडून बसतं का? यात माणूस आहे, प्रसंग आहे, शब्द कुठं थांबवायचा याची जाण आहे. कागदावर मी लिहीन, 'भयाण शांतता पसरली.' हिनं शांतता लिहिली नाही, ऐकवली! पुस्तकाला जे जमलं नाही ते आवाजाला जमलं. ऐकणाऱ्याच्या काळजाला हात घातला ना? मग ते साहित्य!"

हे मीच बोलतोय यावर माझाच विश्वास बसेना. वर्गात असं बोललो असतो तर मुलं जागी राहिली असती.

"भाषण छान झालं," फौजदार म्हणाले. "पण काळजाला हात घातला याचा पुरावा काय?"

मी इकडे तिकडे बघितलं. पुरावा कुठून आणू? मग म्हणालो, "पुरावा मी."

आणि सांगितलं सगळं. कड्या, न्हाणीघर, उलटी बादली. हवालदार लिहायचं थांबून ऐकायला लागला. "बायको गच्चीवर गेली तेव्हा मी आत होतो" इथपर्यंत आलो आणि थांबलो. म्हटलं, आता पुरे.

"पोळपाट राहिला," मंगल म्हणाली.

पोळपाटही सांगितला. हवालदार तोंडावर टोपी धरून बाहेर गेला. वैष्णवीचे वडील माझ्याकडे टक लावून बघत होते.

"मान्य," फौजदार डोळे पुसत म्हणाले. "हे साहित्य. पण सर, आता एक सांगा. हिनं हे किती जणांना पाठवलं? फक्त तुम्हाला. आणि बिबट्या? यात बिबट्या कुठाय?"

त्यांनी टेबलावर फोन ठेवून तो आवाज लावला. आम्ही सगळ्यांनी ऐकला. जिना होता, कुत्री होती, कडी होती, श्वास होता. बिबट्या हा शब्दच नव्हता!

"कोण होतं गं जिन्यात?" त्यांनी विचारलं.

"मी ठरवलंच नव्हतं, सर," वैष्णवी हळूच म्हणाली. "ज्याला ज्याचं भ्या वाटतं, त्यानं ते बघावं म्हणून मोकळं सोडलं."

"म्हणजे बिबट्या सरांचा!" फौजदारांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिचं ते साहित्य. तुमची ती अफवा."

झालं! जन्मभर साहित्य शिकवून शेवटी माझ्या नावावर काय, तर अफवा. माफीचा मेसेज मला तिथंच बोलून पाठवायला लावला. 'बिबट्या नाही, सर्वांनी निश्चिंत असावे.' माझा आवाज इतका कापत होता की लगेच काझीसाहेबांचं उत्तर आलं, "साब, बिबट्या बाजू में बैठा है क्या?"

गुन्हा टळला. पण वैष्णवीचे वडील टोपी घालून उठले. "चल गं. मास्तर सुटले, तूबी सुटलीस. आता घरी चल."

तिनं पिशवी उचलली. मी म्हणालो, "अहो, हिला नेऊ नका." पण माझ्या म्हणण्याला आता वजन कसलं? न्हाणीघरातला माणूस मी!

"साहेब," मंगल एकदम म्हणाली, "ते पुन्हा एकदा लावता का?"

"बाई, तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली ना! म्हणून तर पुन्हा लावा म्हणतेय. तो शेवटचा श्वास काय घेतलाय हो! अंगावर काटा आला माझ्या."

वैष्णवीचे वडील थबकले. एका अनोळखी बाईला त्यांच्या मुलीची गोष्ट पुन्हा ऐकायची होती. ते मुलीकडे वळले. "तो घासल्यावानी आवाज कशाचा गं?"

"ज्वारीच्या पोत्याचा, अण्णा."

"कोन्च्या?"

"तुम्ही काल आणलेल्या. तुम्ही पोतं ओढत जिना चढत होता ना, तेव्हाच मी वर तुमचा फोन धरून बोलत होते."

"अन् त्यो श्वास?"

"तुमचाच. वर येऊन धापा टाकत होता, तेव्हा फोन जवळ आणला."

अण्णांनी एकदा लेकीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग खदाखदा हसायला लागले. हसता हसता परत बाकावर बसले. "माझ्या धापंला भिऊन प्रोफेसर न्हानीत बसले व्हय! जाळी घिऊन मानसं आली माझ्यापायी!" त्यांनी डोळे पुसले आणि लेकीची पिशवी काढून घेऊन बाकाखाली सरकवली. "ऱ्हा गं तू हितंच. सायेब, नाय नेत हिला. नुसत्या दम लागन्याचं एवढं करती, तर शिकल्यावर काय करंल! लावा पुन्यांदा. मलाबी मला ऐकू द्या."

वैष्णवी हसली. मंगल खुर्ची पुढं ओढून बसली. हवालदारही आत आला. फौजदारांनी फोन टेबलाच्या मधोमध ठेवला आणि लावणार, तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर गेली. मी दाराबाहेर व्हरांड्यात उभा होतो.

"सर, तुम्ही कुठं निघालात? आता तर कळलं ना, ज्वारीचं पोतं आहे म्हणून?"

"कळलं, साहेब," मी बाहेरूनच म्हणालो. "पोतं आहे, अण्णा आहेत, उत्तम साहित्य आहे. हवं तर लेखी देतो. पण संपलं की मला आवाज द्या!"